रिबकाच्या शेजारची जागा

सुंदरम्माची सवत मेलेली होती. दुसऱ्या एखाद्या बाईला एवढं पुरलं असतं. मेलेली सवत भांडत नाही, वाटा मागत नाही, सणावाराला दारात येऊन उभी राहत नाही. पण सुंदरम्मा पडली ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती घरातलं मेलेलं माणूस कायमचं गेलेलं नसतं. रिबका उठणार होती. जगाच्या शेवटच्या दिवशी तुतारी वाजली की कबरीतून उठून, पदर सावरून उभी राहणार होती. आणि त्या वेळी तिच्या शेजारी कोण असणार, हे दगडावर कोरून ठेवलेलं होतं.

तो दगड सोलापूरच्या ख्रिस्ती कबरस्थानात होता, फाटकातून आत गेलं की उजवीकडच्या तिसऱ्या रांगेत. गुळगुळीत शहाबादी फरशी, तिच्यावर दोन नावं. डावीकडे रिबका, तिचं जन्मसाल आणि मृत्युसाल, १९५७. उजवीकडे आमोस, जन्म १९३१, त्यापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे कोरी जागा. हा आमोस जिवंत होता, धडधाकट होता, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता आणि सुंदरम्माचा नवरा होता.

रिबका पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळ पोटातच राहिलं. बावीस वर्षांची होती. तिला पुरलं त्याच आठवड्यात आमोसनं शेजारचा खड्डाही स्वतःसाठी फोडून घेतला आणि मऊ मातीनं भरून ठेवला. सोलापूरची जमीन वरून माती दिसते, पण हातभर खाली गेलं की काळा खडक लागतो. एका खड्ड्यासाठी दोन गडी दोन दिवस पहारी आपटतात. म्हणून चर्चच्या मंडळीचे दोन-चार खड्डे कायम तयार ठेवलेले असत, आणि ज्यांना जमेल ते आपली जागा आधीच फोडून घेत. त्यात वेगळं काही नव्हतं. दगडावर स्वतःचं नाव घालणं मात्र आमोसचं एकट्याचंच. सव्वीस वर्षांचा विधुर, दुःखात होता, पुन्हा लग्न करीन असं वाटलं नसेल. तीन वर्षांनी केलं.

सुंदरम्मा होटगीची. बाप रेल्वेत पॉइंट्समन, घरात कानडी बोलणं. लग्न होऊन आली त्याच साली ईस्टरच्या आदल्या दिवशी आमोसनं तिला चुन्याची बादली आणि कुंचा देऊन कबरस्थानात नेलं. ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन तिथं जमते, तेव्हा आदल्या दिवशी घराघरातली माणसं आपापल्या कबरी चुन्यानं पांढऱ्या करून ठेवतात. नव्या नवरीनं रिबकाची कबर रंगवली, मग फरशीवरची धूळ पदरानं पुसली, आणि तिला नवऱ्याचं नाव दिसलं. तिला वाचता येत होतं. ते आलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा वाटलं.

त्या दिवसापासून तिच्या छातीत जे पेटलं ते तेरा वर्षं विझलं नाही. लोकांना वाटे ही बाई किती गुणाची, दर वर्षी सवतीची कबर रंगवते. खरं असं होतं की दर वर्षी ती त्या आडव्या रेघेपुढची कोरी जागा बघायला जायची. तिसऱ्या नावाला दगडावर जागा नव्हती. जमिनीतही नव्हती. रिबकाच्या पलीकडे एक जुना मास्तर होता, आमोसच्या जागेच्या पलीकडे फाटकाची वाट. नव्या कबरी मागच्या भिंतीला, बाभळीखाली पडायच्या. तिसऱ्या रांगेपासून तिथवर सुंदरम्मानं पावलं मोजली होती. एकशे बारा.

ख्रिस्ती माणसाला पुरताना डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात, म्हणजे प्रभू पूर्वेकडून आला की उठून बसताना तोंड त्याच्याकडेच होतं. सुंदरम्माच्या डोळ्यांपुढे ते चित्र रोज उभं राहायचं. आमोस उठेल, डोळे चोळेल, शेजारी बघेल. शेजारी रिबका, बावीस वर्षांची. आणि ही तिकडून बाभळीचे काटे तुडवत, एकशे बारा पावलं चालत, धापा टाकत येणार. तोवर त्या दोघांचं काय बोलून व्हायचं ते होऊन गेलेलं असणार.

आमोस वाईट नव्हता. सोमवारी पहाटे गाडीनं कुर्डुवाडीला जायचा, शनिवारी संध्याकाळी यायचा, पगार हातात द्यायचा, आवाज चढवायचा नाही. पण रिबकाविषयी तो अशा सहजपणे बोलायचा, जणू बायको माहेरी गेलीय. "रिबका आमटीत काहीतरी घालायची बघ. भेटली की विचारतो." हे तो जेवताना म्हणायचा आणि भाकरी मोडायचा. सुंदरम्माच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. काय घालायची हे तिनं चिंच, आमसूल, शेंगदाण्याचं कूट, सगळं घालून पाहिलं. एकदाही तो म्हणाला नाही की हेच ते.

तिची दाढ किडली तेव्हा दवाखान्यात जाऊन तिनं ती काढून घेतली, पण तिथं टाकू दिली नाही. कागदात गुंडाळून आणली आणि बामच्या रिकाम्या डबीत ठेवली. रिबका बत्तीस दातांनी गेली होती. उठायच्या दिवशी आपण बोळक्या तोंडानं समोर जायचं, हे सुंदरम्माला मंजूर नव्हतं. ट्रंकेत तळाशी तिनं एक पांढरं लुगडं ठेवलं होतं, बारीक सुताचं, जरीची बोटभर किनार. उठताना अंगावर हेच पाहिजे म्हणून. दर दिवाळीला ते उन्हात घालायचं आणि कडूलिंबाचा पाला घालून परत ठेवायचं.

एकदा तिनं चर्चच्या पाळकसाहेबांनाच गाठलं. "उठल्यावर नवं शरीर मिळतं म्हनता, ते कितव्या वर्षाचं?"

पाळकसाहेब सज्जन होते, गोंधळले. मग त्यांना वाटलं की बाईच्या मनातलं आपल्याला कळलं. "सुंदराबाई, तिथं लग्नं वगैरे नसतात. कोणी कोणाचा नवरा नाही, कोणी कोणाची बायको नाही. सगळे देवाची लेकरं."

यानं तिचं समाधान व्हावं अशी त्यांची अपेक्षा होती. ती घरी आली ती आणखी पेटून. रिबका बायको नाही, हे उत्तम. पण मग मीही नाही? इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या त्या कुणासाठी?

शेजारच्या महादेवीला यातलं काही उमगायचं नाही. महादेवी लिंगायत, नवऱ्याचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान, आणि तीही दुसरेपणाचीच. दोघी उंबऱ्यावर बसून शेंगा फोडायच्या.

"माझ्या मालकाची पैली बी गेली की," महादेवी म्हणायची. "आमच्यात बसवून पुरत्यात. पन उठायचं म्हनून न्हाय. शिवात मिळाली, संपलं. वर्सातून एकदा तिच्या नावानं जंगमाला जेवू घालते आन् मोकळी होते. तुमच्या देवानं उगं घोर लावलाय बघ जिवाला."

"गेली ती गेली, असं म्हनाया मिळत न्हाय की आमाला, अक्का," सुंदरम्मा म्हणायची. महादेवीचा तिला हेवा वाटायचा. तिच्या सवतीला कायमचं बसवून टाकलं होतं.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. दुष्काळाचं दुसरं वर्ष. खेड्यापाड्यातली माणसं खडी फोडायच्या कामावर येऊन पडली होती, रस्त्याकडेला पालं टाकून राहत होती. त्यात ख्रिस्तीही होती. मंडळीतलीही म्हातारीकोतारी माणसं त्या वर्षी भराभर गेली, आणि कबरस्थानातले तयार खड्डे संपून गेले.

ईस्टरच्या आठवड्यातला मंगळवार. करमाळ्याकडच्या एका वाडीतून आलेली अंबुबाई नावाची ख्रिस्ती बाई, तिची सात महिन्यांची पोरगी जुलाबानं सकाळी गेली. अंबुबाईचा नवरा दूर दुसऱ्या कामावर, तिला स्वतःला ताप. बरोबरच्या बायांनी तिला धरून आणलं आणि पोरीला पाळकसाहेबांच्या ओसरीवर ठेवलं. सुंदरम्मा तिथं पोचली तेव्हा धोंडीराम, कबरी खणणारा, पाळकसाहेबांपुढे हात चोळत उभा होता.

"साहेब, खडक फोडाया दोन दीस लागत्यात. ह्या उन्हात पोरगी दोन दीस कशी ऱ्हाईल?"

"कोणाची राखलेली जागा..." पाळकसाहेब म्हणाले आणि थांबले. त्यांची नजर सुंदरम्मावर गेली होती. "आमोसभाऊंची आहे खरी. पण ते कुर्डुवाडीला. त्यांना विचारल्याशिवाय कसं करायचं?"

खोटं कशाला बोला, त्या क्षणी सुंदरम्माला ना अंबुबाई दिसली, ना ती पोरगी. तिला फक्त ती आडवी रेघ दिसली.

"मी हाय की," ती म्हणाली. "मी बायको हाय त्यांची. द्या ती जागा."

"पुन्हा विचार करा, बाई. एकदा दिली की दिली. पुढं ती उकरता येणार नाही."

"पोरगं असो का पैलवान," धोंडीरामनंही बजावलं, "येका खड्ड्यात येकच."

"म्हाईत हाय मला," सुंदरम्मा म्हणाली. आतून ती नाचत होती. तेरा वर्षं ज्या जागेनं तिला जाळलं ती जागा दोन शब्दांत संपली होती. आता आमोसला कुठं पुरायचं? भिंतीला, बाभळीखाली. आणि तिथं एक काय, दहा बायका शेजारी मावतील. रिबकाबाई, आता बस उठून एकटी.

जमलेल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. केवढं मन, म्हणाल्या. आणि मन मोठं म्हणून पोरीला न्हाऊ घालायचं कामही तिच्याकडेच आलं.

तिनं पाट घेतला, पाय लांब केले आणि पोरीला पायांवर घेतलं, तान्ह्या बाळाला घेतात तसं. तिनं यापूर्वी कुणाचं मूल असं घेतलं नव्हतं. तिची कूस उजवली नव्हती, आणि वांझ बाईच्या पायांवर कोण आपलं मूल देतं? पोरगी हलकी होती, घागरीएवढीही नाही. कोपऱ्यात, खडीच्या धुळीनं माखलेली अंबुबाई भिंतीला टेकून बघत होती. सुंदरम्मानं पोरीच्या कानामागची धूळ धुतली, बोटांच्या बेचक्यांतली धुतली, मुठी उघडून आतलीही धुतली. मग "आले" म्हणून उठली, घरी गेली, ट्रंक उघडली आणि ते पांढरं लुगडं काढून मधोमध फाडलं. असं का केलं हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जरीची किनार पोरीच्या हनुवटीखाली येईल असं तिनं तिला गुंडाळलं.

"नाव काय हिचं?"

"साळू," अंबुबाई म्हणाली. पुरून झाल्यावर ती सुंदरम्माजवळ आली. तापानं तिचे डोळे लाल झाले होते. "बाई, आमी काय, काम संपलं की जानार. करमाळ्याहून हितं कवा यायचं? माज्या साळूवर तेवडी नजर ठिवा."

"ठिवते की," सुंदरम्मा म्हणाली.

दोन दिवस ती हवेत होती. रस्त्यानं जाताना लोक सलाम करत, "बाई, तुम्ही धन्य आहात" म्हणत, आणि ती मान खाली घालून चालत राही, कारण मान वर केली तर हसू दिसलं असतं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, सुट्टीसाठी आमोस गुरुवारी संध्याकाळी आला. स्टेशनवरच कुणीतरी त्याला सांगितलं होतं. त्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि खाटेवर बसला. सुंदरम्मानं सगळी उत्तरं जुळवून ठेवली होती. पाळकसाहेबांनी मागितली, मी न्हाय कशी म्हनू. तुमाला कळवायला सवड कुटं होती. त्यानं आवाज चढवावा असंच तिला वाटत होतं. एकदा भांडण झालं असतं तर तेरा वर्षांचं सगळं बाहेर पडलं असतं.

"पोरगी किती म्हैन्याची होती?" त्यानं विचारलं.

"सात."

आमोसनं वाकून पायातल्या चपला काढल्या. मग त्यानं वर बघितलं, आणि सुंदरम्माच्या लक्षात आलं की त्याचा चेहरा उजळलाय. असा चेहरा तिनं स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"लई बरं केलंस," तो म्हणाला. "रिबकाला बाळ कदी मांडीवर घ्यायला मिळालं न्हाय. पोटातच ऱ्हायलं. आता उठली की शेजारी बघंल आन्..." शर्टाच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले.

कुणी थोबाडीत मारावी तशी सुंदरम्मा उभी राहिली. तिनं सवतीकडचा नवरा काढून घेतला होता आणि स्वतःच्या हातानं तिच्या कुशीत मूल नेऊन ठेवलं होतं. वर अर्धं लुगडं. तेरा वर्षं आपल्याला जे झालं नाही, ते त्या मेलीला सोळा वर्षं जमिनीत पडून मिळालं.

"आन् तुमी?" कसंबसं तिनं विचारलं. "तुमी कुटं?"

"मी काय, कुटं बी. भितीकडं. तू जितं, तितं मी. दुसरं कुटं जानार?"

मीठ दे म्हणावं इतक्या सहज तो हे म्हणाला आणि हातपाय धुवायला मोरीवर गेला. जे ऐकायला ती तेरा वर्षं तरसली होती, ते हेच होतं. ते ऐकून तिला काहीही वाटलं नाही.

शनिवारी चुन्याची बादली घेऊन दोघं कबरस्थानात गेली. आमोसनं हातोडी-छिन्नी आणली होती. फिटरचा हात, त्यानं बघता बघता स्वतःचं नाव, साल, ती आडवी रेघ, सगळं खरवडून काढलं. सुंदरम्मा चुना ढवळत बघत राहिली. रेघ गेली, तरी तिच्या जिवाला थंडावा नाही. फरशीवर उजवीकडे आता खडबडीत पांढरा चौकोन उरला होता.

"हितं पोरीचं नाव घालू," आमोस म्हणाला. त्यानं खडूनं आधी लिहून बघितलं. रिबकाच्या नावापुढे लहानसं 'आणि', मग 'साळू'. मागं सरून त्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "चांगलं दिसतंय. रिबका आणि साळू."

"न्हाय!"

बादली कलंडली, चुना वाटेवर सांडला. पलीकडच्या कबरीपाशी रंगवणारी माणसं वळून बघायला लागली. सुंदरम्मानं पुढं होऊन तो 'आणि' पदरानं पुसला, खसाखसा, फरशी झिजेल इतका.

"पोरगी हिची न्हाय. तिला आई हाय. मी बघितलीय तिला, तापानं फणफणत हुती ती. अंबुबाईची हाय ती. तसं कोरा."

आमोस तिच्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं संसार करून ही बाई त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली असावी. मग तो खाली बसला आणि कोरायला लागला. साळू, अंबुबाईची. अक्षरं जरा तिरकी आली, कारण सुंदरम्मा त्याच्या मानेवर वाकून उभी होती आणि प्रत्येक अक्षराला "नीट, नीट" म्हणत होती.

ईस्टरच्या पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन आली. वारा होता, मेणबत्त्या विझत होत्या, लोक एकमेकांकडून परत लावून घेत होते. गाणं झालं, प्रार्थना झाली. पूर्वेला मिलच्या धुराड्यामागं तांबडं फुटलं तसे पाळकसाहेब मोठ्यानं म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आणि सगळ्यांनी प्रतिसाद दिला, "खरोखर उठला आहे!" आमोस डोळे मिटून उभा होता.

सुंदरम्मा गुडघ्यावर बसली. दर वर्षी ती रिबकाच्या कबरीवर मेणबत्ती चिकटवायची आणि उठायची, एक अक्षर बोलायची नाही. त्या पहाटे तिनं आधी लहान ढिगाऱ्यावर मेणबत्ती लावली. हातानं माती जरा नीट केली, उशाकडची, आणि एक खडा उचलून बाजूला टाकला. मग फरशीकडे वळून, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तेरा वर्षांत पहिल्यांदा सवतीशी बोलली.

"आईक, रिबका. ही तुला दिलेली न्हाय. जागा नव्हती म्हनून तुज्याशेजारी ठिवलीय. अंगावर लुगडं माजं हाय, किनार बघून घे. तुतारी वाजली की तू लगीच उठशील, जवान हाईस. पोरगी घाबरंल, रडंल. तिला कडेवर घे, उन्हात ठिऊ नको. मी भितीकडनं येतेच हाय. एकशे बारा पावलं हाईत, मला जरा उशीर लागंल. मी आले की माज्याकडं दे. तिची आई करमाळ्याहून येईपातुर मीच संबाळनार हाय तिला, कळलं?"

ती उठली. दोन पावलं गेली आणि पुन्हा मागं फिरली.

"आन् त्यांच्याशी काय बोलायचं ते बोलून घे तोवर," ती म्हणाली. "पन पोरीला खाली ठिऊ नको."